हरेल त्याने पट मांडायचा

कलशेट्टी गुरुजींना आयुष्यात कधीच कुणी हरवलं नाही. हे माझं मत नव्हे. हे ते स्वतः सांगत, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगत. त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या आम्ही सगळ्यांनी त्यांचं हरणं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याला हरणं म्हणायची सोय नव्हती. मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात डाव रंगलेला असायचा, गुरुजींची शेवटची सोंगटी कुणाच्या तरी तावडीत सापडायची, आणि नेमकी तेव्हाच त्यांना घंटा ऐकू यायची. घंटा वाजवणारा शिपाई समोरच्या लिंबाखाली तंबाखू मळत बसलेला असला तरी ऐकू यायची. "वेळ झाली की हो! डाव अर्धाच ऱ्हायला," असं म्हणून ते पटावरून हात फिरवत आणि धोतर झटकत वर्गाकडे चालू लागत. कधी घंटेऐवजी हेडमास्तरांची हाक यायची. हेडमास्तर रजेवर असले तरी ती यायची.

आमची शाळा होटगीच्या पलीकडे एका लहान गावात होती. दुष्काळ नुकताच सरला होता आणि शाळेत सुकडी खायला आलेली पोरं सुकडी बंद झाल्यावर गळायला लागली होती. मी सोलापुरातून पॅसेंजरने होटगीला उतरून पुढे चालत जायची. गुरुजी गावातच राहत. बुटके, वाटोळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर एके काळी पांढरी असलेली टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात चार कवड्या. त्या कवड्या चालताना खुळखुळायच्या, त्यामुळे गुरुजी येताहेत हे साऱ्या शाळेला आधी कळायचं. शिक्षकाची चाहूल लागली की पोरं पळतात असा माझा अनुभव. इथे पोरं खुळखुळाटाकडे पळत.

कारण गुरुजी गणित शिकवत नसत, खेळत. वऱ्हांड्याच्या शहाबादी फरशांवर त्यांनी एका पाथरवटाकडून पट कोरून घेतले होते. पाच घरं उभी, पाच आडवी, मधल्या घरात पोचायचं. चार कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तितकी घरं पुढं जायचं. चारही पालथ्या पडल्या तर आठ, म्हणजे सगळ्यांत मोठं दान. इथवर आपल्या आज्या-पणज्यांचाच खेळ. गुरुजींनी त्यात एक मेख मारली होती. ज्या घरात सोंगटी न्यायची तिथं समोरचा तुम्हाला पाढ्यातला प्रश्न विचारणार. उत्तर चुकलं की सोंगटी परत घरी. सोंगटी म्हणून ठेवलेला बांगडीचा तुकडा पुढं सरकवण्यासाठी आमची पोरं पावकी-निमकी घडाघडा म्हणत, आणि त्यांना आपण शिकतो आहोत याचा पत्ता नसे. मला तो होता. माझ्या वर्गात मी छडी घेऊनही जे जमवू शकत नव्हते ते हा माणूस फतकल मारून, मागची बाजू खडूने पांढरी करून घेत जमवत होता. त्यामुळे मी त्यांच्यावर मनातून चिडून असायची.

वर्गात त्यांचा कायदा कडक होता. कुणी कुणाला मुद्दाम जिंकू द्यायचं नाही, मग समोरचा पाटलाचा मुलगा का असेना. आणि हरेल त्यानं रडत बसायचं नाही, त्यानं पुढचा पट मांडायचा. पहिलं दानही त्याचंच. "हरलेल्याला काम पायजे, बाई. हात रिकामा ऱ्हायला की डोळ्याला पानी येतंय," असं ते मला समजावत. हा कायदा फक्त पोरांसाठी होता. गुरुजी कायद्याच्या वर होते, त्यांना घंटा ऐकू येत असे.

त्यांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणे. अक्का अक्कलकोटच्या बाजूच्या, त्यामुळे एका वाक्यात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. लग्नात हळदीच्या पाण्यात अंगठी टाकून नवरा-नवरीला शोधायला लावतात, त्यात नवऱ्याने एकदा तरी हरावं अशी सगळ्या मांडवाची इच्छा असते. कलशेट्टी नावाच्या नवऱ्याने प्रत्येक खेपेला अंगठी काढली आणि वर हात उंचावून पाहुण्यांना दाखवली. सासूबाई जेवल्या नाहीत. "मी म्हटलं, हा काय माणूस हाय का बेळ्ळी, म्हंजे चांदी, पळवनारा कावळा," अक्का मला सांगत आणि स्वतःच हसत. "मंग मीच परत अंगठी टाकली पान्यात. म्हटलं, हुडक आता जलमभर." हरेल त्यानं मांडायचं हा कायदा गुरुजींना कुठून सुचला हे मला तेव्हा समजलं. गुरुजी मात्र तो आपलाच शोध आहे असं सांगत.

आमच्या भागाचे शिक्षण विस्तार अधिकारी होते. गावात त्यांना अजून जुन्या नावाने 'दिपोटी' म्हणत. दिपोटींनी एकदा न सांगता भेट दिली, वऱ्हांड्यात पोरं कवड्या टाकताना पाहिली आणि त्यांचा चेहरा देवळात चप्पल घालून शिरलेल्याकडे बघावं तसा झाला. "शाळा आहे की जुगाराचा अड्डा?" गुरुजी म्हणाले, "साहेब, एक डाव बसा की. आपोआप कळंल." एवढ्यावर भागलं असतं, पण दिपोटींनी खडूच्या रेघा पुसून टाका म्हणून सांगितलं आणि त्या खडूच्या नसून छिन्नीच्या आहेत हे त्यांना बूट घासून पाहिल्यावर कळलं. मग हुकूम निघाला की, सगळ्या फरशा उपटून उलट्या बसवा. नाहीतर गुरुजींना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवतो. गुरुजी 'व्हय साहेब' म्हणाले आणि पाथरवट गावाला गेलाय, मजूर सुगीला गेलेत, चुना मिळत नाही, असं म्हणत त्यांनी दिवस ढकलले. पण त्यांची झोप उडाली होती. फरशा गेल्या तर पोरं जातील, एवढं एकच ते पुन्हा पुन्हा बोलत.

आणि अशा वेळी सोलापुरात आंतरराष्ट्रीय परिषद अवतरली.

विषय होता 'क्रीडाधिष्ठित अध्ययन'. खेळातून शिकणं असं म्हटलं असतं तर ते कुणालाही कळलं असतं, म्हणून तसं म्हटलं नव्हतं. परिषद खरं तर पुण्याला व्हायची, पण ऐन लग्नसराईत तिथं हवं ते सभागृह मिळेना, आणि सोलापुरात एक रिकामं होतं. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की एक उंच गोरे साहेब, एक स्थूल गोऱ्या मॅडम आणि सिलोनचे एक गृहस्थ आले होते. सिलोनचे गृहस्थ काही बोलले नाहीत, पण त्यांच्यामुळे राष्ट्रांची संख्या वाढली. मार्चातल्या सोलापुरात तिघांचंही स्वागत अंगावर सोलापुरी चादर घालून केलं. साहेबांनी ती भिडस्तपणे दुपारपर्यंत अंगावरून काढली नाही.

जिल्ह्यातून खेळातून शिकवणारी एखादी शाळा दाखवायला हवी, असं वरून आलं, तसा दिपोटींना साक्षात्कार झाला. जुगाराचा अड्डा एका रात्रीत 'उपक्रम' झाला. ते जातीने शाळेत आले, गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं हे काम जगापुढं यायला हवं." एक महिला शिक्षकही हवी होती, म्हणून मला निवडलं. माझी पात्रता एवढीच, की शाळेत दुसरी महिला नव्हती.

मग दिपोटींनी गुरुजींना बाजूला घेतलं, इतकंच बाजूला की मलाही ऐकू यावं.

"व्यासपीठावर मोठे साहेब तुमच्या एका विद्यार्थिनीशी एक डाव खेळतील. फोटो निघेल. साहेब जिंकतील. लक्षात येतंय?"

मोठे साहेब म्हणजे दिपोटींच्याही वरच्यांचे वरचे. गुरुजींच्या खिशातल्या कवड्या वाजल्या. "आनि न्हाय जिंकले तर?"

"जिंकले तर फरशा आहेत तशा राहतील, हा माझा शब्द. नाही जिंकले तर फरशा उलटतील, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही."

गुरुजींनी निवडलेली मुलगी सखू, मेंढरं राखणाऱ्या धनगराची. पटावर तिच्यासमोर बसायला मोठी पोरंही कचरत. तिला हरायला शिकवणं हे गुरुजींनी केलेलं सगळ्यांत अवघड काम असावं. मी वऱ्हांड्यातून ऐकत होते.

"का हरायचं?" सखूने विचारलं.

"साहेब पाव्हणे हायत."

"मंग त्यास्नी च्या द्या की."

"सखे, ह्यो एक डाव. एकच. माझ्यासाठी."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत, असं अक्का म्हणाल्या. स्वतःचाच कायदा स्वतः मोडताना मी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, त्यात आम्ही सरकारी नोकर आघाडीवर. पण मोडताना इतकं केविलवाणं झालेलं कुणाला पाहिलं नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

परिषदेत खेळ या विषयावर सकाळपासून जी भाषणं सुरू झाली ती जेवणापर्यंत आटपली नाहीत. खेळ मुलाला मुक्त करतो, असं एक वक्ते सांगत असताना बाहेरच्या मैदानात विटीदांडू खेळणाऱ्या पोरांचा गलका आत यायला लागला, तेव्हा शिपाई पाठवून त्यांना हाकलण्यात आलं. मग पुन्हा खेळ मुलाला मुक्त करू लागला. गुरुजी पुढच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसले होते. खुर्चीवर त्यांना शिकल्यासारखं वाटत नसावं.

मॅडमनी रंगीत कागदांचा एक खेळ दाखवला. त्यात कुणीच हरत नाही, सगळेच जिंकतात, असं एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी आम्हाला मराठीत करून सांगितलं. टाळ्या झाल्या. गुरुजी माझ्याकडे झुकून म्हणाले, "कुनीच हरत न्हाय तर खेळायचं कशाला? भजन म्हनायचं की." आणि मी अडवायच्या आत उभे राहिले. "म्याडम, हरलेल्याला काय काम देता तुमी?" प्राध्यापकांनी क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं की या गृहस्थांना आपला खेळ अतिशय आवडला आहे. मॅडमनी हात जोडले. गुरुजी खाली बसले आणि म्हणाले, "बाईला उत्तर येत न्हाय."

शेवटी आमची पाळी आली. पट एका मोठ्या कापडावर रंगवून आणला होता, तो व्यासपीठावर अंथरला. मोठे साहेब हसत हसत गादीवर टेकले. सखू तेल चोपडलेल्या वेण्या घालून समोर बसली. आणि काय सांगावं, ती इतकी सुरेख हरली की मला कौतुक वाटलं. साहेबांच्या प्रत्येक घराला ती 'दोन दुणे?' एवढंच विचारत होती. साहेबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. ती स्वतः मात्र 'पाच साते?' वर डोकं खाजवत बसली आणि चुकली. साहेबांची सोंगटी मधल्या घरात पोचली. फोटो निघाला. दिपोटी हार घेऊन पुढं सरकले. सगळं ठरल्यासारखं झालं होतं आणि गुरुजी आपल्या पायांकडे बघत होते.

तेवढ्यात सखूने भराभर सोंगट्या लावल्या, कवड्या मुठीत घेतल्या आणि उठू लागलेल्या साहेबांना म्हणाली, "कुटं निगाला? बसा की. मी हरलेय न्हवं? मी मांडलाय."

सभागृह हसलं. मॅडमनी मुलगी काय म्हणते ते विचारलं आणि प्राध्यापकांच्या हातून दिवसातलं पहिलं खरं भाषांतर झालं. हरणारा पुढचा डाव सुरू करतो, हे ऐकून त्या बाई खुर्ची सोडून चक्क पटाशेजारी जमिनीवर येऊन बसल्या. मोठ्या साहेबांना आता उठणं शक्य नव्हतं.

घोळ असा झाला होता, की गुरुजींनी सखूला एक डाव हरायला सांगितलं होतं. एकच. त्याच्या पुढचा डाव आपोआप येतो हे ते स्वतःच विसरले होते, कारण हरल्यावर मांडायची सवय त्यांना कुठं होती? दिपोटी त्यांच्या कानाशी फिसकारले, "आवरा तिला!" गुरुजी एक पाऊल पुढं गेले. सखूने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काही प्रश्न नव्हता. सांगितलेलं काम करून ती मोकळी झाली होती आणि आता खेळायला बसली होती. गुरुजी तिथेच, व्यासपीठाच्या लाकडी फळीवर, फतकल मारून खाली बसले.

"सखे," ते म्हणाले, "कवड्या नीट खुळखुळीव. आनि इचारताना समोर कोन हाय ते बघू नगंस."

मी त्यांच्यावर चिडून असायची म्हणून मघाशी सांगितलं, ते त्या क्षणी संपलं.

"तेरा साते?" सखूने विचारलं.

मोठ्या साहेबांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. मागून दिपोटी 'एक्क्याण्णव' असं पुटपुटले आणि ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

"मागनं सांगायचं न्हाय!" सखू कडाडली. "सोंगटी घरी!"

साहेबांची सोंगटी नंतरही घरीच येत राहिली. दिपोटी हातातल्या हाराच्या पाकळ्या तोडत होते, मॅडम मांडीवर थाप मारत होत्या, आणि सिलोनचे गृहस्थ प्रथमच बोलले. काय ते कळलं नाही, पण आनंदाने बोलले. सखूची सोंगटी मधल्या घरात गेली. तिने कवड्या साहेबांपुढं धरल्या. "आता तुमी हरला. तुमी मांडा."

मोठे साहेब मोठ्याने हसले. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अरे, वेळ झाली. आपला डाव अर्धाच राहिला," असं म्हणून त्यांनी पटावरून हात फिरवला आणि उठले.

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला होता. बदलीच्या भीतीने असेल असं मला वाटलं. पण सखूला गावी पोचवायला मीही होटगीपर्यंत गेले, तेव्हा गाडीतून उतरायच्या आधी ते मला म्हणाले, "बाई, मी बी असंच करतो न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

"लई वाईट दिसतंय की हो."

बदलीचा हुकूम आला. आमच्या कचेरीत इतक्या वेगाने झालेलं हे एकच काम मला माहीत आहे. गाव नातेपुत्याच्या पुढचं, म्हणजे तिथून पुढं गेलं की जिल्हाच संपतो. परिषदेचा वृत्तांत यथावकाश छापून आला. त्यात पहिल्या डावाचा फोटो होता, सखूच्या डोक्यावर दिपोटींचा हात होता, आणि खाली 'आमच्या कार्यक्षेत्रातील अभिनव उपक्रम' असं छापलं होतं. गुरुजींचं नाव जागेअभावी राहिलं असावं. अभिनव उपक्रमाच्या फरशा तोवर उलटून झाल्या होत्या.

त्यांना निरोप द्यायला मी सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर गेले होते. पत्र्याची ट्रंक, वळकटी, पितळेची घागर आणि घागरीवर हात ठेवून बसलेल्या अक्का. गाडी यायची होती. आदल्या दिवशी ते घरी सामान बांधत असताना शाळेत फरशा उलटल्या, ते मी सांगून टाकलं.

"पालथ्या घातल्या?" गुरुजी म्हणाले. "चारी पालथ्या म्हंजे आठ पडले की, बाई." आणि हसले, पण त्यांचे डोळे भरून आले. ते मला दिसू नयेत म्हणून त्यांनी खिशातून खडू काढला आणि ट्रंकेच्या झाकणावर रेघा ओढायला सुरुवात केली. पाच उभी, पाच आडवी. शाळेतून आणलेले बांगड्यांचे तुकडे लावले.

"हे काय आता?"

"हरलोय की," गुरुजी म्हणाले. "मंग मांडायला नगो?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. अक्कांनीही ऐकला असावा, कारण त्यांनी घागरीवरचा हात काढून पदर डोळ्यांना लावला. मी ट्रंकेसमोर वळकटीवर बसले. त्या शाळेत नोकरी करून मी एकदाही त्यांच्याशी खेळले नव्हते. पहिलं दान त्यांनी टाकलं, कायद्याप्रमाणे.

डाव चांगला जमला. हमाल थांबले, एका पानवाल्याने माझ्या बाजूने सल्ले द्यायला सुरुवात केली. नशीब माझ्या बाजूचं होतं की गुरुजींचं मन पटावर नव्हतं, सांगता येत नाही. पण त्यांची शेवटची सोंगटी माझ्या तावडीत सापडली, आणि नेमकी तेव्हाच गाडी लागली. या वेळी ती खरोखरच लागली होती. माणसं दाराशी झोंबत होती, कंडक्टर शिट्टी मारत होता.

"आट साकु, गाडी बंतु!" अक्का ओरडल्या. खेळ पुरे, गाडी आली.

मी गुरुजींच्या हाताकडे बघत राहिले. आता तो पटावरून फिरणार. "थांबा ओ कंडक्टर," गुरुजी मान वर न करता म्हणाले, "बाईंचं दान ऱ्हायलंय." आणि मला म्हणाले, "टाका."

मी टाकलं. दोन पडले. दोनच हवे होते.

"सव्वा आठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दहा."

"बरोबर. सोंगटी मारा."

मी त्यांची सोंगटी मारली. त्यांनी बांगडीचे तुकडे एकेक करून वेचले, कवड्या खिशात टाकल्या आणि ट्रंक उचलून गाडीत चढले. अक्कांना आत जागा मिळाली. गुरुजींचं डोकं शेवटी खिडकीतून बाहेर आलं.

"हरलो, बाई," ते ओरडले, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हंजे मांडायचं मीच! तिकडं मांडतो!"

गाडी वळली. मला दिसलं ते एवढंच, की ट्रंक गुरुजींच्या मांडीवर होती, झाकणावरचा पट पुसला गेला नव्हता, आणि शेजारी बसलेल्या एका अनोळखी फेटेवाल्यापुढं त्यांनी कवड्यांची मूठ धरली होती.